झडप हाताने फिरवू नये

थोर माणसं कशी कोसळतात, या विषयावर सर आयुष्यभर बोलत आले होते आणि त्यावर त्यांचं झकास चाललं होतं. दुसऱ्यांच्या पडण्यावर इतका ताठ उभा राहिलेला माणूस त्या शहरात दुसरा नव्हता. कॉलेजात साहित्य शिकवायचे तेव्हा त्यांचं ‘थोरांचं पतन’ हे व्याख्यान ऐकायला रसायनशास्त्राची मुलंसुद्धा येऊन मागच्या भिंतीला टेकून उभी राहत. निवृत्त झाल्यावर तेच व्याख्यान ग्रंथालयांत झालं, डॉक्टरांच्या संघटनेत झालं, आणि एकदा तर लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीच्या वार्षिक मेळाव्यातही झालं. तिथल्या लोकांनी विषय जरा वेगळ्या अर्थाने घेतला असावा, पण टाळ्या मात्र कडकडून दिल्या.

व्याख्यानाचा गाभा सोपा होता. मोठा माणूस पडतो तो स्वतःच्याच एका दोषामुळे. पण पडता पडता तो दोष त्याला लख्ख दिसतो, आणि तो म्हणतो, ‘हे मीच केलं.’ “या एका वाक्यामुळे,” सर इथे चष्मा काढत, “तो पडूनही आपल्यापेक्षा उंच राहतो.” चष्मा काढल्यावर सरांना समोरचं काही दिसत नसे, त्यामुळे पुढचा भाग फार भावपूर्ण होई.

सरांची बायको त्याच कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाली होती. तिने हे व्याख्यान एकदाच ऐकलं होतं, लग्नाआधी. “छान होतं,” ती सांगायची. “म्हणून तर मी अडकले.”

कादंबरीसाठीच्या एका मानाच्या पुरस्काराच्या समितीचे सर अध्यक्ष होते. समितीत तिघे. कामाची पद्धत अशी की पुस्तकं सरांनी वाचायची आणि सरांचा चेहरा बाकीच्या दोघांनी वाचायचा. सरांनी भुवया उंचावल्या की ते दोघे ‘अगदी, अगदी’ म्हणत आणि बिस्किटं पुढे ओढत. पण एक कबूल करायला हवं, सर खरंच वाचत. हातात पेन्सिल घेऊन, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. त्यांचा घात झाला तो यामुळेच. न वाचणारे दोघे आजही समितीवर आहेत.

त्या वर्षी आलेल्या ढिगात दातांच्या एका डॉक्टरची पहिलीवहिली कादंबरी होती. एका नामवंत न्यायाधीशाने भाच्याला वाचवायला भलत्याच माणसाला तुरुंगात धाडलेलं असतं, आणि आता ते बाहेर फुटायची वेळ येते, अशी गोष्ट. सरांना ती बरी वाटली. मध्यावर जरा रेंगाळते, असं त्यांनी समासात लिहिलंही. मग शेवटाकडचं मोठं प्रकरण आलं. न्यायाधीश घरी येतो. बायको ताटं मांडून वाट बघत बसलेली. पानाच्या तळाशी वाक्य होतं: ‘त्याने खुर्ची ओढली, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला,’

सरांनी पान उलटलं. वर लिहिलं होतं: ‘पाणी पूर्ण उतरेपर्यंत थांबावे. झडप हाताने फिरवू नये. आतून आवाज येत असल्यास घाबरून जाऊ नये. हवा अडकली असण्याची शक्यता आहे.’

सरांच्या अंगावर काटा आला.

पुढे सगळं असंच. माणसं गेली, घर गेलं, बायको गेली. उरल्या फक्त सूचना. पृष्ठक्रमांकही कोलमडून पुन्हा एकपासून सुरू झाले होते. एका पानावर तर शब्दही संपले आणि नुसती आकृती आली, नळ्या, कप्पे आणि बाण असलेली, खाली ‘आकृती ३’. ते हृदय आहे हे ओळखायला सरांना अजिबात वेळ लागला नाही. सोळा पानांनंतर न्यायाधीश पुन्हा अवतरला तो थेट निवृत्तीच्या समारंभात, गळ्यात हार घालून. बसल्या जागी सरांनी पेन्सिल खाली ठेवली आणि डोळे पुसले. चाळीसएक वर्षं ते ज्या क्षणाविषयी बोलत होते, तो क्षण कुणीतरी पहिल्यांदा असा लिहिला होता. माणूस इतका कोसळतो की त्याच्याबरोबर त्याची भाषाही कोसळते.

पुरस्कार ठरला. सरांनी ‘भाषेचं पतन’ या नावाचा लांबलचक लेख लिहिला आणि तो एका मासिकाने पहिल्या पानावर छापला. सरांच्या नावाला अलीकडे जरा धूळ बसली होती, ती या लेखाने उडाली. ‘झडप हाताने फिरवू नये’ हे वाक्य तरुण मंडळी एकमेकांना पाठवू लागली. एका मंत्र्याने ते सभेत म्हटलं, विरोधकांना उद्देशून. कॉलेजच्या पोरांनी ते सदऱ्यांवर छापून घेतलं. लोकांनी कादंबरी विकत घेतली, त्यात ते वाक्य शोधलं, ते सापडलं नाही. पण सरांना दिसलं ते आपल्याला दिसत नाही असं चारचौघांत कोण म्हणणार? सरांचे साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, हेही समीक्षक. त्यांचं आणि सरांचं लग्नाच्या पंगतीपासून बिनसलेलं. त्यांनी दुसऱ्या मासिकात लिहिलं की झडपेचा अर्थ सरांना फक्त वरवर कळला आहे. साडूंच्या प्रतीत झडप नव्हतीच, पण तेवढ्यासाठी मतभेद सोडून देणाऱ्यांपैकी ते नव्हते.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी डॉक्टर सरांच्या घरी आला. चाळिशीचा, सडपातळ, बोलताना आपले दात दिसू न देणारा माणूस. काखेत स्वतःचं पुस्तक.

“लेख वाचला, सर,” तो खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाला. “बरेचदा वाचला.”

“समजला नाही तर तसं सांगा,” सर म्हणाले. “लेखकाला स्वतःचं लिहिणं कळतंच असं नाही.”

“तेच मला वाटलं आधी. बायको म्हणाली, लिहिलं असशील आणि विसरला असशील. पण सर, पंपाबद्दल मी काही लिहिलेलं नाही.”

“कसला पंप?”

डॉक्टरने पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं. सरांनी शेल्फातून आपली प्रत आणली आणि शेजारी ठेवली. बायको चहा घेऊन आली होती, ती कप हातात धरून तशीच उभी राहिली. दोन्ही पुस्तकं एकशेशहाण्णव पानापर्यंत जुळ्या भावांसारखी होती. त्यानंतर एक भाऊ घरी गेला होता आणि दुसरा पंप दुरुस्तीला.

“हे दिसतंय,” बायको सरांच्या प्रतीतल्या आकृतीवर बोट ठेवत म्हणाली, “ते आपल्या गच्चीवरच्या टाकीचं आहे ना?”

सरांनी प्रकाशकाला फोन लावला. प्रकाशक आधी हसला, मग सरांचा आवाज ऐकून हसायचा थांबला. छापखान्यात त्या आठवड्यात पंपाच्या कंपनीचं माहितीपुस्तकही छापलं जात होतं, बांधणी करताना एखादा गठ्ठा इकडचा तिकडे गेला असेल, असं तो म्हणाला. चारदोन प्रतींत झालं असेल. सरांच्याच प्रतीत व्हावं हा योगायोग. “पण सर, झालं ते बरंच झालं. दुसरी आवृत्ती काढतोय. लोक झडप शोधतायत आणि ती मिळत नाही म्हणून चिडतायत. पंपवाल्यांशी बोलतो, ती पानं घालूनच टाकू. डॉक्टरांचं ते जेवणाचं प्रकरण काढलं की जागाही होते.”

सरांनी फोन ठेवला, खाकरले आणि हे सगळं स्वतःचीच कल्पना असल्यासारखं डॉक्टरला सांगितलं. अपघात हाही एक लेखकच असतो, वगैरे.

डॉक्टरने मान हलवली. “ते प्रकरण काढायचं नाही, सर. बाकीची कादंबरी त्या प्रकरणासाठी लिहिली आहे. ते माझे वडील आहेत. म्हणजे ते न्यायाधीश नव्हते, शाळा तपासायचे. पण ते जेवणाचं टेबल आमचं आहे. ते कुणीच वाचलेलं नाही अजून. लोक वाचत आले की तिथे झडप शोधतात आणि पुढे उडी मारतात. तुम्ही एकदा वाचावं, एवढंच म्हणायला आलो होतो. पुरस्काराचं काय ते तुम्ही बघा.”

“ठेवा इथे,” सर म्हणाले. “आजच वाचतो.”

डॉक्टरचा चेहरा उजळला. चहा अर्धा टाकून तो गेला, आणि दारात वळून म्हणाला, “घाई नाही, सर. सोळाच पानं आहेत.”

तो गेल्यावर सर दुपारपर्यंत खिडकीशी बसून होते. आपलं नाव मातीत जाणार हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. साडू काय लिहितील ते तर शब्दशः दिसत होतं. गप्प बसावं, प्रकाशकाला हवं ते करू द्यावं, असं त्यांना वाटलं. त्या बिचाऱ्या डॉक्टरला कोण विचारतं? मग हळूहळू त्यांच्या मनात दुसराच विचार उगवला, आणि ते ताठ बसले. आयुष्यभर आपण ज्याविषयी बोललो ते आज आपल्या दाराशी आलं आहे. मोठा माणूस. एक दोष. आणि तो क्षण.

“मी उद्या स्टेजवरून सगळं सांगणार आहे,” त्यांनी बायकोला सांगितलं. “सगळं. हे मीच केलं, असं म्हणणार आहे.”

बायकोने त्यांच्याकडे जरा आदराने बघितलं. तसं तिने बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. “चांगलं आहे,” ती म्हणाली. “त्या मुलाची पानं वाचलीत?”

“वाचतो ना. आधी हे एवढं लिहून होऊ दे.”

कबुली लिहायला दुपार गेली आणि संध्याकाळ गेली. पहिला खर्डा फार साधा झाला. ‘माझी चूक झाली’ यात कसलीच उंची नव्हती, तसं तर कुणीही म्हणेल. दुसऱ्या खर्ड्यात समुद्र आला. तिसऱ्यात सरांनी समुद्र काढून डोंगर घातला, कारण पडायचं तर डोंगरावरून बरं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कपाटाच्या आरशासमोर उभे राहून म्हणून बघत होते. चष्मा कुठे काढायचा हे दोनदा बदललं.

“आवाज शेवटी पडू द्यावा की चढवावा?” त्यांनी विचारलं.

बायको पलंगावर घड्या घालत होती. “तुम्ही पडायला चाललाय की वरात काढायला?”

“तुला नाही कळायचं. हे एकदाच होतं माणसाचं.”

“वाचलीत का पानं?”

“संध्याकाळी गाडीत वाचतो.”

गाडीत त्यांनी भाषण म्हणून बघितलं. डॉक्टरचं पुस्तक बायकोच्या पिशवीत होतं.

सभागृह तुडुंब भरलं होतं. पुढच्या रांगेत साडू, त्यांच्या शेजारी बिस्किटांचे धनी ते दोन परीक्षक, मागे झडपेच्या सदऱ्यांतली पोरं. सर उठले, माईकजवळ गेले, आणि एवढं खरं की ते बोलले अप्रतिम. पंपाचं सांगितलं तेव्हा सभागृह स्तब्ध झालं. साडूंनी वही उघडली. पण सर थांबले नाहीत. ते डोंगरावर चढले, माथ्यावरून खाली बघितलं, चष्मा काढला, आणि आवाज अगदी खाली आणत म्हणाले, “मी वाचलं नाही, मी स्वतःलाच वाचलं. हा माझा दोष. हे मीच केलं.”

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. बायका डोळे पुसत होत्या, सदऱ्यांतली पोरं शिट्ट्या मारत होती. एका परीक्षकाने दुसऱ्याला ‘अगदी, अगदी’ म्हटलं. साडूंनीसुद्धा, लोक बघत होते म्हणून, वही काखेत धरून टाळ्या वाजवल्या. सरांना चष्म्याविना नुसती एक धूसर, हलणारी, प्रेमळ गर्दी दिसत होती. आपण पडलो आहोत आणि आधीपेक्षा बरेच वर आहोत, हे त्यांना कळलं. सिद्धांत खरा होता.

टाळ्या ओसरल्यावर डॉक्टरला बोलावलं. हातात स्मृतिचिन्ह, खांद्यावरून घसरणारी शाल. माईक त्याच्या हनुवटीच्या वर होता, तो कुणी खाली केला नाही, त्यामुळे त्याला मान उचलून बोलावं लागलं.

“मला भाषण येत नाही,” तो म्हणाला. “सरांनी एवढ्या मोठ्या मनाने सांगितलं. आता मलाही मोकळेपणाने विचारता येईल. सर, ते प्रकरण कसं वाटलं?”

त्याच्या आवाजात कुचकेपणा नव्हता. तसा असता तर सरांना बरं झालं असतं, त्याला उत्तर द्यायची त्यांना सवय होती. हा माणूस खरोखर विचारत होता. परीक्षेचा निकाल विचारावा तसा.

“अप्रतिम,” सर आपल्या खुर्चीतून, समोरचा छोटा माईक ओढत म्हणाले.

“शेवट पटला?”

“शेवट तर शिखर आहे.” इथे थांबायला हरकत नव्हती. पण टाळ्यांची ऊब अजून अंगात होती आणि सरांना वाक्य अर्धं सोडता येत नसे. “न्यायाधीश बायकोकडे बघतो आणि अखेर ते म्हणतो. ‘हे मीच केलं.’ काय धैर्य आहे त्या वाक्यात.”

डॉक्टरने शाल सावरली.

“तो तसं म्हणत नाही, सर,” तो हळू म्हणाला. माईक चांगला होता, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. “तो मीठ मागतो.”

“काय?”

“‘मीठ दे,’ म्हणतो. बायकोला सगळं माहीत असतं. ती मीठ देते. तो जेवतो, भाजी चांगली झालीय म्हणतो, हात धुतो आणि झोपतो. एवढंच आहे त्यात. त्याला काहीच होत नाही.” मग, कुणी गैरसमज करून घेऊ नये म्हणून, तो पुढे म्हणाला, “आमच्याकडे तसंच झालं होतं.”

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू खुर्च्याखुर्च्यांतून पुढे सरकत आलं, पुढच्या रांगेत पोहोचलं तेव्हा साडूंचा चेहरा दिवाळखोराला सोनं सापडावं तसा झाला होता. सरांनी चष्मा चढवला. घाईत तो चढवायला नको होता, कारण आता चेहरे स्पष्ट दिसू लागले. सगळे फोन वर धरून होते. सरांनी तोंड उघडलं. आत्ता, याच क्षणी म्हणायचं ते वाक्य त्यांच्याकडे होतं, पण ते दहा मिनिटांपूर्वीच वापरून झालं होतं.

“वेळेअभावी…” सूत्रसंचालिका म्हणाली, आणि आभारप्रदर्शन सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन थांबत नव्हता. पहाटेपासून लोक एकमेकांना ‘मीठ दे’ पाठवत होते. फोटोत सर तोंड उघडून बसलेले, आणि खाली कुणी लिहिलेलं, ‘हवा अडकली असण्याची शक्यता आहे.’ साडूंचा लेख एवढ्या लवकर आला की तो आधीच लिहून ठेवला असावा. पुढल्या महिन्यातली दोन व्याख्यानं रद्द झाली. लिफ्टवाल्यांनी मात्र कळवलं की त्यांचं कायम आहे, मेळाव्यात लोकांना थोडं हसायलाही हवं असतं. सरांनी या सगळ्यात उंची शोधून बघितली. सापडली नाही. पडायचं म्हणजे डोंगरावरून, असं ते धरून चालले होते. हे तर न्हाणीघरात पाय सरकावा तसं झालं होतं, आणि दार उघडं होतं.

त्यातही एक गोष्ट त्यांना सोडत नव्हती. समारंभ संपल्यावर डॉक्टर काही न बोलता निघून गेला होता. जाताना स्मृतिचिन्ह खुर्चीवर विसरला होता. सर त्याला हाक मारणार होते, पण तेवढ्यात कुणीतरी सरांबरोबर फोटो मागितला.

सरांनी फोन उचलला. मनात वाक्यं जुळत होती. ‘तुमच्यापेक्षा मोठा अपराध मी स्वतःचाच केला आहे…’ नाही. ‘समीक्षकाच्या आयुष्यात अशी एक सकाळ येते…’ हे जमत होतं. ते नंबर शोधू लागले.

“कुणाला लावताय?” बायकोने विचारलं. ती खिडकीशी बसून डॉक्टरची कादंबरी वाचत होती. काल रात्री गाडीतून उतरल्यापासून ती त्यांच्याशी याखेरीज काही बोलली नव्हती.

“त्या मुलाला. माफी मागतो.”

“काय म्हणणार?”

सरांनी ‘अशी एक सकाळ येते’ हे वाक्य म्हणून दाखवलं.

बायको उठली, त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि तिथे पुस्तक ठेवलं, एकशेशहाण्णव पानावर उघडं. “माझं वाचून झालंय.”

“कसं आहे?” सरांनी विचारलं.

सरांना वाटलं तिचे डोळे ओले आहेत, पण ती स्वयंपाकघरात गेली आणि ते नीट दिसलं नाही. सर खुर्चीत बसले. सवयीने खिशातली पेन्सिल काढली, मग परत ठेवली. न्यायाधीश घरी आला. बायको ताटं मांडून बसलेली. त्याने खुर्ची ओढली.

सर अर्धं पान वाचून थांबले आणि मान वर केली. “अगं, हे बघ, यावर एक फार वेगळं काहीतरी बोलता येईल…”

“अहो,” आतून आवाज आला. “वाचा.”